समुद्रावरचं आभाळ कुणाचं? : दक्षिण हवाई कमांड, तंजावर आणि आपलं ओझर

विमानवेडा (धागाकर्ता)

ओझरवरून सुखोई उडालं की नाशकात दोन गोष्टी हमखास होतात. पोरं गच्चीकडे पळतात, आणि मोठ्यांपैकी कुणीतरी मान वर करून "निघालं सीमेवर" असं म्हणतं. सीमा म्हणजे काश्मीर, नाहीतर लडाख. समुद्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. येणार कसा, आपल्याकडे पाणी म्हणजे गोदावरी आणि गंगापूर धरण!

पण २५ जून २०१६ ला ओझरच्या धावपट्टीवरून जे सुखोई-३० एमकेआय उडालं, त्याच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र टांगलेलं होतं. ब्राह्मोस घेऊन लढाऊ विमान उडण्याची ती पहिलीच वेळ. २२ नोव्हेंबर २०१७ ला कलाईकुंडाहून उडालेल्या सुखोईनं बंगालच्या उपसागरातल्या लक्ष्यावर ते डागलं. आणि २० जानेवारी २०२० ला ही विमानं घेऊन २२२ क्रमांकाची 'टायगरशार्क्स' स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, तंजावरला उभी राहिली. तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. आता तिथे जहाजं बुडवू शकणारी विमानं उभी असतात, आणि त्यांना ब्राह्मोस उचलण्याजोगं केलं ते आपल्या ओझरच्या विमान कारखान्यानं.

तंजावरचा तळ येतो हवाई दलाच्या दक्षिण कमांडखाली, म्हणजे सदर्न एअर कमांड. तिची जरा ओळख करून देतो.

आपल्या हवाई दलाच्या लढाऊ कमांड पाच. पश्चिम कमांड दिल्लीत, पूर्व शिलाँगला, मध्य प्रयागराजला, नैर्ऋत्य गांधीनगरला. या चौघींची तोंडं पाकिस्तान किंवा चीनकडे. पाचवी दक्षिण कमांड सगळ्यात धाकटी. १९ जुलै १९८४ ला इंदिरा गांधींच्या हस्ते तिरुवनंतपुरमला तिचं उद्घाटन झालं. तिच्यासमोर जमिनीची सीमाच नाही. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, खाली हिंदी महासागर, मधे लक्षद्वीप, शेजारी श्रीलंका आणि मालदीव.

१९८४ च का? माझ्या मते दोन कारणं. आदल्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या आणि तिथला प्रश्न थेट आपल्या दारात आला. दुसरं, डिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ वाढत होता, सोव्हिएत जहाजंही हिंदी महासागरात फिरत होती. तोवर दक्षिण भारत हवाई दलाच्या दृष्टीनं प्रशिक्षणाचा आणि दुरुस्तीचा प्रदेश होता. शत्रू इतक्या लांब येणार नाही, हे जणू गृहीतच धरलेलं.

कमांड आली तरी दात लगेच आले नाहीत. बरीच वर्षं तिच्याकडे मुख्यतः मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं. कोइमतूरजवळच्या सुलूरला तळ होता. तंजावरची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी दुरुस्त होऊन तिथे हवाई दलाचं स्टेशन सुरू झालं ते थेट २७ मे २०१३ ला. तेजस या स्वदेशी लढाऊ विमानांची ४५ वी स्क्वाड्रन २०१८ मध्ये सुलूरला आली, १८ वी २०२० मध्ये. म्हणजे स्थापनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

माझा खरा प्रश्न पुढचा आहे. समुद्रावर लढायला नौदल आहे, नौदलाकडे स्वतःची विमानं आहेत. मग हवाई दलाला समुद्राकडे तोंड करून बसलेली अख्खी कमांड कशाला? हा वाद आपला एकट्याचा नाही, शंभर वर्षं जुना आहे. जाणकारांनी लिहावं.

निफाडकर

वाचतोय. आमच्या द्राक्षबागेवरून ती विमानं इतकी खालून जातात की समुद्र सोडा, मण्यांवरची लव उडते. पण हे ब्राह्मोसचं काम इथे झालं हे माहीत नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गोदातीर

छान विषय. वादाचं मूळ ब्रिटनमध्ये आहे, म्हणून तिथून सुरू करतो. लांबेल, पण त्याशिवाय आपलं कळणार नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाची आणि भूदलाची वेगवेगळी विमानदळं होती. १ एप्रिल १९१८ ला दोन्ही एकत्र करून रॉयल एअर फोर्स झाली. त्या दिवशी नौदलानं आपली सगळी विमानं गमावली आणि पुढची वीस वर्षं ते हात चोळत बसलं. नव्या हवाई दलाला बॉम्बफेकीचं वेड. शत्रूची शहरं आणि कारखाने उडवले की युद्ध संपलं, असा हिशोब. समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून काहीच न दिसता परत येणं, यात कुणाला बढती मिळणार?

१४ जुलै १९३६ ला हवाई दलाची विभागणी झाली: बॉम्बर, फायटर, ट्रेनिंग आणि कोस्टल कमांड. कोस्टल कमांडकडे किनाऱ्यावरून उडून समुद्र राखायचं काम. जुलै १९३७ मध्ये सर थॉमस इन्स्किप यांनी निवाडा दिला: विमानवाहू जहाजांवरची विमानं नौदलाची, किनाऱ्यावरची हवाई दलाची. दोघंही नाराज, म्हणजे निवाडा बहुधा बरा असावा. :)

पण पैसा आणि विमानं वाटताना कोस्टल कमांड कायम पंगतीच्या शेवटी. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते अ‍ॅन्सन. दोन इंजिनं, पल्ला तोकडा, आणि पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब इतके फुसके की नुसता आवाज व्हायचा. नोव्हेंबर १९४० मध्ये नौदलमंत्री अलेक्झांडर यांनी तिला हवाई दलाची सिंड्रेला म्हटलं. नौदलानं तर कमांडच मागितली. शेवटी एप्रिल १९४१ मध्ये तोड निघाली: विमानं आणि माणसं हवाई दलाची, पण कुठे उडायचं ते नौदल सांगणार. युद्ध संपेपर्यंत तेच चाललं.

त्यानंतरचा महिना सांगण्यासारखा आहे. जर्मनांची बिस्मार्क युद्धनौका ब्रिटिशांच्या हातून निसटली होती, कुठे आहे कळत नव्हतं. २६ मे १९४१ ला २०९ स्क्वाड्रनच्या कॅटलिना विमानानं ती हुडकली. दुसऱ्या दिवशी बिस्मार्क तळाला गेली. बुडवली नौदलानं, पण आधी ती सापडायला हवी होती ना.

कोथिंबीरवडी

अडाणी प्रश्न विचारते, हसू नका. पाणबुडी पाण्याखाली असते. मग विमानातून ती दिसते कशी आणि मारतात कशी?

दर्यावर्दी

ताई, प्रश्न अडाणी अजिबात नाही, अख्खी लढाई याच प्रश्नावर झाली. मी नौदलातून निवृत्त, आता मुक्काम इंदिरानगर, नाशिक. तेव्हा थोडं सांगू शकतो.

त्या काळातली पाणबुडी म्हणजे गरज पडली की बुडी मारणारी बोट. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले, आणि बॅटरी भरायला डिझेल इंजिन लावावं लागे. डिझेलला हवा लागते. म्हणून रोज काही तास, बहुतेक वेळा रात्री, वर यावंच लागे. शिवाय पाण्याखाली वेग इतका कमी की जहाजांच्या तांड्याचा पाठलाग करायला पृष्ठभागावरूनच पळावं लागे. विमान नुसतं आकाशात असलं तरी पाणबुडी खाली दबून राहते आणि तांडा निघून जातो. एकही बॉम्ब न टाकता अर्धं काम झालं.

रात्रीसाठी रडार आलं, पण शेवटच्या टप्प्यात जवळ आलं की रडारवर समुद्राच्या लाटांचाच गोंधळ दिसे. तेव्हा विमानाला प्रचंड झोताचा दिवा लावला, ली लाइट (Leigh Light). रडारनं जवळ जायचं आणि ऐनवेळी दिवा पेटवायचा. जून १९४२ पासून १७२ स्क्वाड्रनच्या वेलिंग्टन विमानांनी तो वापरायला सुरुवात केली.

आताच्या पाणबुड्या तेवढ्या भोळ्या नाहीत. आता विमानातून सोनोबॉय टाकतात, म्हणजे पाण्यात तरंगून खालचा आवाज ऐकणारी आणि तो विमानाला रेडिओवरून कळवणारी नळकांडी. शिवाय लोखंडाच्या एवढ्या मोठ्या धुडामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात जो फरक पडतो तो मोजणारं यंत्र. काही विमानांना मागे शेपटासारखा दांडा असतो, तो त्याचाच.

गोदातीर

दर्यावर्दीकाका, त्यात एक भर. मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडणारी गोष्ट विमानाची नाही, गणिताची आहे.

विमानातून टाकायचे पाणसुरुंग, म्हणजे डेप्थ चार्ज, शंभर फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. तर्क असा की विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारणार, आपण पोचेपर्यंत ती शंभर फुटांवर असणार. ऐकायला बिनतोड. कोस्टल कमांडनं १९४१ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यांच्या गटातल्या ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांचे अहवाल काढून तपासले. जी पाणबुडी खरोखर शंभर फूट खाली गेलेली असते, ती नेमकी कुठे आहे हे विमानाला कळतच नाही, म्हणून तिथे टाकलेला सुरुंग वाया. मारता येण्याजोगी असते ती, जी अजून पृष्ठभागावर आहे किंवा नुकतीच बुडतेय. आणि नेमक्या तिच्यासाठी शंभर फूट निरुपयोगी! खोली टप्प्याटप्प्यानं २५ फुटांवर आणली. विमान तेच, सुरुंग तोच, नुसती किल्ली फिरवली, आणि पाणबुड्या बुडण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं.

दुसरी गंमत रंगाची. विमानं खालून काळी असत, रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी रंगवलेली. उत्तर अटलांटिकच्या ढगाळ आभाळात काळं विमान लांबून दिसतं. पोट पांढरं रंगवलं, पाणबुडीवरच्या पहारेकऱ्याला ते उशिरा दिसू लागलं.

हेच ब्लॅकेट पुढे, १९४८ मध्ये, नोबेलचे मानकरी झाले. आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षणविषयक सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. अटलांटिकच्या मधोमध एक मोठा पट्टा होता जिथे किनाऱ्यावरचं कुठलंच विमान पोचत नसे. जर्मन पाणबुड्या तिथेच टपून बसत. तिथवर जाणारं विमान अस्तित्वात होतं, लांब पल्ल्याचं लिबरेटर. पण ते बॉम्बफेकीलाही हवं होतं आणि वरिष्ठांचं वजन तिकडे. १९४३ च्या सुरुवातीलाही कोस्टल कमांडकडे अशी विमानं मोजकीच. ती पुरेशी मिळाल्यावर त्या एका मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन नौदलप्रमुख डोनित्झनं उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. हीच विमानं वर्षभर आधी मिळाली असती तर किती खलाशी वाचले असते? माझ्या दृष्टीनं विमानाच्या शेपटीवर कुणाचं नाव आहे हा वाद दुय्यम. विमानं वाटणाऱ्या टेबलावर समुद्राच्या बाजूनं भांडणारं कुणी बसलंय का, हे बघायचं.

पुढे २८ नोव्हेंबर १९६९ ला कोस्टल कमांड मोडली आणि स्ट्राइक कमांडमध्ये १८ ग्रुप म्हणून मुरली.

जुना फिटर

गोदातीर, लिबरेटरचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. आमचं आयुष्य ओझर मिगला गेलं, पण ही गोष्ट आमच्या आधीच्या पिढीची, कारखान्यात जुने लोक सांगायचे.

युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटरचा ढीग पडला होता. करारानुसार ती विमानं कुणाला देता येत नव्हती, म्हणून ती मुद्दाम मोडून ठेवलेली. इंजिनात वाळू, पत्र्यावर कुदळी. एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, लोकांनी त्यातूनच विमानं उभी केली. कानपूरला उडण्यापुरतं जोडायचं आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकानं ते बंगळुरूला उडवत न्यायचं, बाकीचं काम तिथे. अशी चाळीसच्या आसपास विमानं झाली. तीच १९५१ मध्ये ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली, पुण्याला, समुद्रावर टेहळणी करायला. शेवटची १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. जगात इतर कुठल्याही हवाई दलात तोवर लिबरेटर उरलं नव्हतं.

त्याच्याही आधी, युद्धात, अमेरिकनांसाठी कॅटलिना दुरुस्त व्हायच्या बंगळुरूलाच. ती पाण्यावर उतरणारी विमानं, मग उतरवायची कुठे? बेलंदूर तलावावर. आता त्या तलावाच्या फेसाच्या बातम्या येतात, वाईट वाटतं.

ब्राह्मोसचं म्हणाल तर मी तेवढंच सांगतो जे जाहीर आहे. सुखोई पंखांखाली बरंच काही घेतं, पण अडीच टनांचं एकच धूड पोटाखाली मधोमध टांगायचं म्हणजे तिथला सांगाडा मजबूत करावा लागतो, वायरिंग बदलावं लागतं, क्षेपणास्त्र सुटून खाली पडतानाचा धक्का आणि विमानाचा तोल, सगळं नव्यानं तपासावं लागतं. जमिनीवरून उडणारं ब्राह्मोस याहून जड असतं, विमानासाठी ते हलकं केलं. आणि ते आधी खाली पडतं, मग पेटतं. ओझरची माणसं कमी बोलतात म्हणून नाशिकला पत्ता नाही.

निफाडकर

काका, दंडवत. यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध खासदार झाले (१९६३) आणि ते संरक्षणमंत्री होते म्हणून कारखाना इथे आला, असं आमचे आजोबा सांगायचे. खरं का?

जुना फिटर

बिनविरोध निवडून आले आणि तेव्हा संरक्षणमंत्री होते, दोन्ही खरं. कारखाना १९६४ चा, मिग-२१ बनवायला. बाकीचं तुम्हीच ताडा. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, तरी लोक अजून 'ओझर मिग'च म्हणतात.

दर्यावर्दी

आता नौदलाची बाजू ऐका.

स्वातंत्र्यानंतर आपण ब्रिटिशांची वाटणी जशीच्या तशी उचलली. जहाजावरची विमानं नौदलाची, किनाऱ्यावरून टेहळणी हवाई दलाची. लिबरेटरनंतर ६ स्क्वाड्रनकडे सुपर कॉन्स्टेलेशन आली. ही एअर इंडियाची प्रवासी विमानं, बोइंग ७०७ आल्यावर रिकामी झालेली. १९६१-६२ च्या सुमारास हवाई दलानं नऊ घेतली. सुंदर विमान, डॉल्फिनसारखं अंग, तीन शेपट्या. पण पाणबुडी शोधायला बनवलेलं नव्हे. १९७१ च्या युद्धात आपल्याकडे किनाऱ्यावरून पाणबुडी शोधणारं खास बनावटीचं एकही लांब पल्ल्याचं विमान नव्हतं. विक्रांत या विमानवाहू नौकेवरची अलिझे विमानं होती, ती छोटी. ९ डिसेंबरच्या रात्री आपली खुकरी युद्धनौका बुडाली, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीनं बुडवली. त्यानंतर तिला शोधायला जिवाचं रान केलं, ती निसटली ती निसटलीच. हवाई दलाला दोष देत नाही. त्यांच्यापुढे दोन आघाड्या होत्या. पण ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याच्याकडेच काम असावं, एवढं आम्ही त्यातून शिकलो.

१९७६ मध्ये सरकारनं सागरी टेहळणी नौदलाकडे दिली. त्याच सुपर कॉन्स्टेलेशन गोव्यात दाबोळीला आल्या, ३१२ क्रमांकाची 'अल्बट्रॉस' स्क्वाड्रन झाली. पुढच्याच वर्षी रशियन आयएल-३८, मग १९८८ मध्ये तुपोलेव्ह-१४२. आठ प्रोपेलर, म्हणजे चार इंजिनांवर उलटसुलट फिरणाऱ्या जोड्या, आणि इतका लांब पल्ला की वाटेत जेवणं होत. २९ वर्षांत एकही अपघात नाही. २९ मार्च २०१७ ला अरक्कोणमला निरोप दिला. आता तिथे पी-८आय टेहळणी विमानं आहेत.

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: बघायचं काम आमचं.

विमानवेडा (धागाकर्ता)

आणि मारायचं? जग्वार लढाऊ विमानाच्या सागरी आवृत्तीकडे जहाज शोधणारं रडार आणि सी ईगल क्षेपणास्त्रं होती, तीही याच ६ स्क्वाड्रनकडे, हवाई दलात. मुंबईत हवाई दलाचं सागरी मोहिमांचं वेगळं मुख्यालय आहे. १९७६ च्या वाटणीत डोळे नौदलाकडे गेले, दात हवाई दलाकडेच राहिले. नौदलाची मिग-२९के विक्रमादित्य-विक्रांतवरून उडतात हे मान्य, पण अडीच टनांचं ब्राह्मोस जहाजावरून उडवणं त्यांच्या आवाक्याबाहेर. ते तंजावरहून सुखोईनंच न्यायचं.

रणगाडा

१९७१ निघालंच आहे तर कराचीच्या तेलटाक्या कुणी पेटवल्या तेही ठरवून टाका. ४ डिसेंबरला पहाटे जामनगरच्या हंटर विमानांनी की त्याच रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी?

दर्यावर्दी

आमचा नौदल दिन ४ डिसेंबरलाच का असतो, विचार करा.

विमानवेडा (धागाकर्ता)

नौका पोचल्या तेव्हा त्यांना दिशा दाखवायला आग कुणी लावून ठेवली होती, तेही विचारात घ्या काका. ;)

संपादक मंडळ

हा विषय यापूर्वी तीन धाग्यांवर पेटून विझलेला आहे. कृपया दक्षिण कमांडकडे वळा.

मीनाक्षी_देवळाली

मला एक योगायोग दिसला. युद्धकाळात कोलंबोत ब्रिटिश हवाई दलाचा जो सागरी विभाग होता त्याचं नाव २२२ ग्रुप. त्याच्याच एका कॅटलिनानं ४ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानी विमानवाहू ताफा पाहिला. वैमानिक कॅनडाचे लेनर्ड बर्चल. संदेश पाठवता पाठवता विमान पाडलं गेलं, ते युद्धकैदी झाले, पण कोलंबोला इशारा पोचला. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या रविवारी हल्ला झाला, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. आणि आता त्याच समुद्रावर तंजावरची २२२ स्क्वाड्रन!

गोदातीर

मीनाक्षीताई, आकड्याचा योगायोगच. आपली २२२ स्क्वाड्रन १९६९ मध्ये सुखोई-७ घेऊन उभी राहिली, तिचा कोलंबोशी काही संबंध नाही. पण बर्चलचा प्रसंग या धाग्यात हवाच होता, कारण दक्षिण कमांडचा नकाशा तिथे पहिल्यांदा आखला गेला. श्रीलंकेतलं कोगला आणि त्रिंकोमाली, इकडे कोची, मद्रासजवळचा रेडहिल्स तलाव, सगळीकडे कॅटलिना. ब्रिटिश गेले आणि तो नकाशा चाळीस वर्षं घडी घालून ठेवला गेला.

आपल्याच लोकांचीही एक छोटी कहाणी आहे. युद्धाच्या सुरुवातीला भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवकांच्या सहा किनारारक्षक तुकड्या होत्या: मद्रास, मुंबई, कोलकाता, कराची, कोची, विशाखापट्टणम. विमानं वापिटीसारखी जुनाट, दोन पंखी. त्यावर बसून बंगालच्या उपसागरात पाणबुड्या आणि जपानी जहाजं शोधायची. १९४२ च्या अखेरीस त्या मोडल्या आणि माणसं नव्या स्क्वाड्रनमध्ये गेली.

कोथिंबीरवडी

आणि १९८४ नंतर या कमांडनं प्रत्यक्ष काय केलं? फक्त तळ आणि उद्घाटनंच ऐकतेय. :(

विमानवेडा (धागाकर्ता)

बरंच. क्रमानं नाही, आठवेल तसं सांगतो.

जून १९८७. जाफन्याला वेढा पडला होता. ३ जूनला मदतसामग्री घेऊन निघालेल्या आपल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलानं परतवल्या. दुसऱ्याच दिवशी बंगळुरूहून पाच एएन-३२ मालवाहू विमानं निघाली, सोबतीला मिराज-२००० लढाऊ विमानं, आणि धान्य-औषधं आकाशातून टाकली. ऑपरेशन पूमलाई. पुढच्याच महिन्यात भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना गेली. त्या काळात दक्षिणेतल्या तळांवरून हेलिकॉप्टरं आणि एएन-३२ ची अखंड ये-जा होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर गोळीबारात जवान उतरवणारी एमआय-८ हेलिकॉप्टरं याच मोहिमेतली. तिथे जे घडलं ते दुःखद आहे, वैमानिकांनी मात्र गोळ्यांनी चाळण झालेली हेलिकॉप्टरं परत आणली.

३ नोव्हेंबर १९८८, मालदीव. भाडोत्री सैनिकांनी राजधानी माले ताब्यात घेतलं, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. आग्र्याहून मालवाहू आयएल-७६ थेट हुलुले विमानतळावर. बंडखोर 'प्रोग्रेस लाइट' या जहाजावरून पळाले. त्यांना शोधून काढलं नौदलाच्या टेहळणी विमानांनी आणि अडवलं गोदावरी व बेतवा या युद्धनौकांनी. हो नाशिककरांनो, आयएनएस गोदावरी!

हे उदाहरण मला मुद्दाम द्यायचं होतं. पोचवलं हवाई दलानं, शोधलं आणि पकडलं नौदलानं. दोघांमध्ये मालकीवरून एक दिवस जरी गेला असता तर जहाज श्रीलंकेला लागलं असतं.

आणि २६ डिसेंबर २००४. त्सुनामीनं कार निकोबारचा तळ धुऊन नेला. हवाई दलाची माणसं आणि कुटुंबीय मिळून शंभरहून जास्त जीव गेले. धावपट्टीचा काही भाग शाबूत होता, त्यावरच मदतीची विमानं उतरू लागली. २०१७ चं ओखी चक्रीवादळ, २०१८ चा केरळचा पूर, तिथेही हीच कमांड.

रणगाडा

मग आता थिएटर कमांड, म्हणजे तिन्ही दलांची एकत्र कमांड, येणार म्हणतात, समुद्राची एकच. तंजावरची सुखोई नौदलाच्या अ‍ॅडमिरलच्या हुकमाखाली जाणार?

गोदातीर

म्हणजे १९४१ ची तोड पुन्हा. विमान हवाई दलाचं, हुकूम दुसऱ्याचा. हवाई दलाची हरकत उघड आहे: स्क्वाड्रन आधीच कमी, त्या वाटून बांधून ठेवल्या तर ऐनवेळी पंजाबातून तमिळनाडूत हलवणार कोण? सुखोईचा पल्ला तीन हजार किलोमीटर, आकाशात इंधन भरलं तर त्याहून जास्त. सकाळी हिमालयात आणि संध्याकाळी लक्षद्वीपवर, हीच तर तिची ताकद. हरकत रास्त आहे. पण बॉम्बर कमांडही लिबरेटर वाटायच्या वेळी हेच म्हणत होती.

दर्यावर्दी

+१. शेवटच्या वाक्याला +१००.

विमानवेडा (धागाकर्ता)

मला ते पटत नाही. बॉम्बर कमांडला समुद्र नकोच होता. आपल्या हवाई दलानं स्वतःहून तंजावर उभं केलं, ओझरकडून विमान बदलून घेतलं. दोन्ही एका मापानं मोजू नका.

कोथिंबीरवडी

ते आठ पंख्यांचं तुपोलेव्ह बघायला मिळतं का कुठे? मुलाला दाखवायचंय, शाळेला सुट्ट्या लागतायत.

दर्यावर्दी

विशाखापट्टणमला आरके बीचवर ठेवलंय, डिसेंबर २०१७ पासून संग्रहालय आहे, आतही जाता येतं. रस्त्याच्या पलीकडे कुरसुरा पाणबुडी, तिच्यातही उतरता येतं. आधी पाणबुडी दाखवा. आत माणसं किती दाटीवाटीनं राहायची ते बघून मग विमानात चढला की मुलगा आपोआप प्रश्न विचारेल.